पुरात उतरणारी नाव : पाणी आत येते कोठून आणि बाहेर काढावे कसे

गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ट्रॉलर जेटीला विसावतात आणि किनाऱ्यावरच्या लहान होड्याही बहुधा झावळ्यांच्या आडोशाला ओढून ठेवलेल्या दिसतात. घाटापलीकडे, बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, याच दिवसांत नेमके उलटे घडते. निपाणी आणि चिकोडी तालुक्यांतून वाहणाऱ्या वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा या नद्या पात्र सोडतात. जत्राट–भिवशी, अकोळ–सिदनाळ, कारदगा–भोज, भोजवाडी–कुन्नूर, मलिकवाड–दत्तवाड, कल्लोळ–येडूर हे कमी उंचीचे पूल आणि बंधारे एकेक करून पाण्याखाली जातात आणि एरवी कोणाच्या ध्यानीमनीही नसलेली नाव गावाला आठवते. २०१९ आणि २०२१ या दोन वर्षांत तर निपाणीजवळच्या यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी पुणे–बेंगळुरू महामार्गावर आले आणि देशाच्या या प्रमुख रस्त्यावरील वाहतूक थांबली.

समुद्रावरची होडी रोज पाण्यात असते. तिचा मालक तिची प्रत्येक फट ओळखून असतो. पुरातली नाव मात्र वर्षातले दहा-अकरा महिने कोरड्या जमिनीवर असते आणि अत्यंत वाईट पाण्यात, अत्यंत घाईच्या वेळी, क्षमतेहून अधिक माणसे घेऊन उतरते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि डझनाहून अधिक ग्रामस्थांचा बळी गेला. ती माणसे पुरात अडकून नव्हे, तर पुरातून सुटताना गेली. त्याच वर्षी २१ जानेवारीला कारवारजवळच्या कूर्मगडाच्या जत्रेहून परतणारी बोट समुद्रात उलटून सोळा जण बुडाले होते. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात सापडली. सहा जणांचा मृत्यू झाला आणि एक जण पोहून काठाला लागला. नदी, समुद्र, जलाशय अशी तीन वेगवेगळी पाणी. पण लहान नावेत पाणी शिरण्याचे आणि नाव उलटण्याचे गणित तिन्हीकडे एकच आहे.

काठावरून येणारे पाणी

नाव बुडते ती भोक पडल्याने, असा सर्वसाधारण समज आहे. लहान नावांच्या बाबतीत तो बहुतांशी खरा नाही. पाणी तळातून येण्याआधी काठावरून येते. पाण्याची पातळी आणि नावेचा काठ यांच्यातील उंचीला दर्यावर्दी परिभाषेत फ्रीबोर्ड म्हणतात. मराठीत त्याला कोरडा काठ म्हणता येईल. हा कोरडा काठ किती उरला, यावर नावेतील माणसांचे आयुष्य अवलंबून असते.

पाच मीटर लांब आणि दीड मीटर रुंद अशी फायबरची नाव घेऊ. तिची दोन्ही टोके निमुळती असल्याने पाण्यावर टेकणारे क्षेत्र साडेपाच चौरस मीटरच्या आसपास भरते. अशी नाव एक सेंटीमीटर खाली जाण्यासाठी सुमारे ५५ किलो वजन लागते. म्हणजे ढोबळमानाने एक माणूस चढला की नाव एक सेंटीमीटर खाली जाते. इंजिनासह रिकाम्या नावेचा काठ पाण्यापासून ४० सेंटीमीटर वर असेल, तर साठ किलोची दहा माणसे बसल्यावर तो २९ सेंटीमीटर उरतो आणि वीस बसल्यावर १८. तळात दोनशे लिटर पाणी साचले असेल तर आणखी साडेतीन सेंटीमीटर वजा. उरला तो वीतभरही नसलेला काठ. शेजारून जाणाऱ्या बचावपथकाच्या बोटीने उठवलेली लाट एवढ्या काठावरून सहज आत येते. नाव काठाला लागेपर्यंत धोका कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण संथ पाण्यात वीस माणसे घेऊन निघालेली नाव दिसायला अगदी ठीक दिसते.

पुराच्या दिवसांत गुऱ्हाळातील काहील होडीसारखी वापरण्याची युक्ती ऊसपट्ट्याला परकी नाही. लोखंडी पत्र्याची काहील गळत नाही, सपाट तळामुळे मधोमध बसले तर बऱ्यापैकी स्थिरही राहते. तिचा दोष काठाचा आहे. दोन मीटर व्यासाची काहील ३१ किलोला एक सेंटीमीटर खाली जाते. एकाने कडेला सरकून हात पुढे केला की ती बाजू खाली जाते आणि पाणी एका लोंढ्यात आत येते. लोखंडात तरंगण्याचा गुण नसल्यामुळे भरलेली काहील सरळ तळ गाठते. तिला धरून राहण्याचीही सोय उरत नाही. कन्नड मुलुखातील हरिगोलु, म्हणजे बांबूच्या विणीवर कातडे किंवा आता ताडपत्री ताणून केलेली गोल नाव, निदान उलटली तरी तरंगते.

वाहत्या पाण्यात काठावरून पाणी येण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो सर्वांत फसवा. प्रवाहाने ओढलेली नाव आडवी होऊन झाडाला, विजेच्या खांबाला किंवा पुलाच्या कठड्याला टेकते. आतली माणसे आघाताच्या भीतीने अडथळ्यापासून दूर, म्हणजे प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूला झुकतात. तीच बाजू खाली जाते, प्रवाह काठावर चढतो आणि नाव काही क्षणांत भरून उलटते. अशा वेळी मनाच्या विरुद्ध वागावे लागते. सर्वांनी अडथळ्याच्या बाजूला झुकावे, म्हणजे प्रवाहाकडचा काठ उचललेला राहतो. नाव आखूड दोराने आडवी बांधली तरी हेच घडते. दोर लांब असावा आणि नाळेला, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाला, बांधलेला असावा. बुडालेल्या बंधाऱ्यांच्या तर जवळपासही फिरकू नये. वरून पाणी सपाट दिसले तरी बंधाऱ्यावरून उतरणारा प्रवाह खालच्या अंगाला उलटा फिरतो आणि तरंगती वस्तू पुन्हा भिंतीकडे ओढतो.

यंत्राच्या बोटीत पाणी पिछाडीकडूनही येते. आऊटबोर्ड इंजिन बसवण्यासाठी मागची फळी मुद्दाम खाली कापलेली असते. इंजिन, इंधनाची टाकी आणि चालक असे सगळे वजनही तेथेच. वेगात असलेल्या बोटीचे इंजिन एकदम बंद केले की तिच्याच मागून येणारी लाट तिला गाठते आणि त्या खाचेतून आत उतरते. पाण्यातून हात हलवणारा माणूस दिसला की चालक नेमके हेच करतो.

गळती, बूच आणि पाऊस

आता तळातून येणाऱ्या पाण्याविषयी. लाकडी नाव उन्हाळ्यात वाळते, फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. पाण्यात उतरवल्यावर फळ्या फुगून सांधे पुन्हा मिटतात, पण त्याला एक-दोन दिवस लागतात. पूर तेवढा वेळ देत नाही. फायबरच्या नावेवर उन्हाने केसासारख्या चिरा पडतात. दगडावर आपटल्याच्या जागी आतले थर सुटलेले असतात. पत्र्याच्या नावेचे रिव्हेट सैल होतात. हवा भरून वापरायच्या रबरी बोटीची गोष्ट वेगळी. ती घडी घालून ठेवली की घडीवर झिजते, गोदामात उंदीर तिला सोडत नाहीत, आणि पुरात बाभळीचे काटे व शेताच्या कुंपणाची तार तिची वाट पाहत असतात. तिच्यात हवेचे कप्पे स्वतंत्र असतात. एक फुटला तरी उरलेले तिला तरंगत ठेवतात, म्हणूनच आपत्ती दलांची तिच्यावर भिस्त असते. पण हे कप्प्यांमधल्या झडपा बंद असतील तरच खरे.

सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत हमखास कारण म्हणजे बूच. यंत्राच्या बहुतेक लहान बोटींच्या पिछाडीला, तळालगत, पाणी काढण्यासाठी भोक असते. नाव जमिनीवर असताना पावसाचे पाणी साचू नये म्हणून बूच काढून ठेवतात. पुढच्या वर्षी ते सापडत नाही, किंवा घाईत लावायचेच राहते.

२५ मिलिमीटर व्यासाचे भोक पाण्याखाली ३० सेंटीमीटरवर असेल तर त्यातून मिनिटाला सुमारे ४३ लिटर पाणी आत येते. तासाला अडीच हजार लिटरहून अधिक. भोकाचा व्यास दुप्पट झाला तर पाणी चौपट होते, मिनिटाला १७० लिटर. खोली मात्र तितकी निर्दय नाही. तेच भोक पृष्ठभागापासून साडेसात सेंटीमीटरवर आणता आले तर येणारे पाणी निम्मे होते. नावेतली माणसे भोकाच्या विरुद्ध बाजूला थोडी सरकवून गळती कमी करता येते ती या कारणाने. थोडीच सरकवावी, हे ओघाने आलेच.

पावसाला कोणी गळती म्हणत नाही. पण वर सांगितलेल्या पाच मीटरच्या उघड्या नावेचे तोंड निदान साडेपाच चौरस मीटर असते. जोराच्या पावसाच्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस पडू शकतो. तेवढ्या पावसात त्या नावेत निदान ५५० लिटर पाणी साचते. म्हणजे पहाटे नाव सोडण्यापूर्वीच त्यात नऊ अदृश्य माणसे बसलेली असतात.

या पाण्याचा खरा उपद्रव त्याच्या वजनाचा नाही, चंचलपणाचा आहे. पोते जेथे ठेवले तेथे राहते. पाणी नाव कलेल त्या बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. दोनशे लिटर पाणी एका बाजूला जमणे म्हणजे तीन माणसांनी एकाच वेळी त्या कडेला उडी घेणे. घोट्याएवढ्या पाण्यात नाव जड, आळशी वाटू लागते. कलली की लगेच सावरत नाही, किंचित थांबते. अनुभवी नावाडी त्या थांबण्यावरून ओळखतो की आता उपसायला हवे. गावकऱ्यांसोबत नावेत चढणाऱ्या शेळ्या-वासरांचेही असेच आहे. जनावर मागे टाकून यायला कोणी तयार होत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण ते बुजले की त्याचे वजन कोणत्या बाजूला जाईल हे सांगता येत नाही. जनावरांची फेरी वेगळी करावी आणि त्यांचे पाय बांधूनच करावी.

बिल्ज पंप : काय करतो, काय करत नाही

नावेच्या पोटातला सर्वांत खालचा भाग, जेथे आत आलेले सगळे पाणी अखेर जमते, तो म्हणजे बिल्ज. तेथील पाणी बाहेर टाकणारा तो बिल्ज पंप. हाताने चालवायच्या पंपात रबरी पडदा असतो; दांडा ओढला-दाबला की दर खेपेला साधारण अर्धा ते एक लिटर पाणी बाहेर पडते. त्याला वीज लागत नाही, थोडा काडीकचराही तो गिळतो. विजेवरचा लहान पंप पाण्यात बुडवून बसवतात. तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि सोबत तरंगता स्विच असेल तर पाणी वाढताच आपोआप सुरू होतो.

बाजारात या पंपांची क्षमता ताशी गॅलनमध्ये सांगतात. ५०० गॅलनचा पंप म्हणजे तासाला सुमारे १,९०० लिटर, ११०० गॅलनचा म्हणजे ४,१६० लिटर. हा आकडा पाणी अजिबात वर चढवायचे नसेल तेव्हाचा. प्रत्यक्षात पाणी काठापर्यंत उचलायचे असते, नळीला वळणे असतात, बॅटरी उतरलेली असते. निम्मेच पाणी पडले तर नवल मानू नये. वरच्या हिशेबातील २५ मिलिमीटरच्या भोकापुढे ५०० गॅलनचा पंप पूर्ण क्षमतेनेही हरतो. पंप हा झिरपणे, तुषार आणि पाऊस यांच्यासाठी आहे. भोकासाठी तो केवळ वेळ मिळवून देतो, आणि काठावरून येणाऱ्या लाटेसमोर त्याचा काहीही उपयोग नाही.

दहा लिटरची बादली मिनिटाला दहा वेळा रिकामी करणारा माणूस मिनिटाला शंभर लिटर पाणी बाहेर टाकतो. तो दहा मिनिटांत थकेल हे खरे. पण त्या दहा मिनिटांत तो ११०० गॅलनच्या पंपालाही मागे टाकतो. म्हणून पंप असला तरी नावेत बादली हवीच, आणि ती दोरीने बांधलेली हवी. तळातले शेवटचे पाणी काढायला खाद्यतेलाचा पाच लिटरचा कॅन तिरका कापून केलेले उपसणे बादलीपेक्षा सोयीचे, कारण ते कोपऱ्यात शिरते. त्याला चार पैसेही पडत नाहीत.

पंप बसवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पंप रिकाम्या नावेच्या सर्वांत खोल जागी बसवतात, पण माणसे चढल्यावर नाव पुढे झुकते आणि पाणी नाळेकडे जमते. पंप कोरडाच फिरत राहतो. बाहेरचे तोंड पाण्याच्या पातळीलगत ठेवले तर भरलेल्या नावेत ते पाण्याखाली जाते आणि पंप थांबताच नदी त्याच नळीतून उलटी आत येते. उसाच्या रसवंतीवर डब्यातून नळीने पाणी ओढतात, त्याच तत्त्वावर. हे तोंड शक्य तेवढे काठाजवळ असावे आणि नळीला मध्ये उंच वळसा द्यावा. आतून पन्हाळीदार नळी स्वस्त मिळते, पण पाणी अडवते. आतून गुळगुळीत नळी घ्यावी. पुराच्या पाण्यात उसाचे पाचट आणि प्लास्टिकच्या पिशव्या असणारच, तेव्हा पंपाच्या जाळीपर्यंत हात पोहोचायला हवा. बॅटरी तळात ठेवली तर पाणी वाढल्यावर पंप नेमका गरजेच्या वेळी बंद पडतो. ११०० गॅलनचा पंप सुमारे ४ अँपिअर ओढतो. दुचाकीची ५ अँपिअर-तासांची बॅटरी त्याला तासभरही पुरत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी दिवस काढते, मात्र तिचे वजन माणसांच्या हिशेबात धरावे.

शेताला पाणी देणारा पेट्रोल पंप नावेत ठेवण्याचा मोह होतो. काठावरून बुडालेली नाव उपसायला तो उत्तम. नावेत मात्र नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये उतरून साचते, आणि एका ठिणगीने पेटते. आऊटबोर्डच्या बोटीतही तळात पेट्रोलचा वास आला तर विजेचा पंप सुरू न करता आधी हाताने उपसून हवा खेळू द्यावी.

नाव भरू लागली तर

पहिले काम उपसण्याचे नाही, पाणी कोठून येते ते शोधण्याचे. भोक असेल तर लुगडे, टॉवेल, जे हाती लागेल ते कोंबावे. अर्धे भोक बुजले तरी एका पंपाइतके काम होते. पाणी काठावरून येत असेल तर वेग हळूहळू कमी करून नाळ लाटेकडे वळवावी आणि सर्वांना तळाशी, मध्यरेषेवर बसवावे. उभे राहणारा एक माणूस दोघांइतका धोकादायक असतो. एकाने वल्हे किंवा इंजिन सांभाळावे, एकाने उपसावे, बाकीच्यांनी हलू नये. नाव पूर्ण भरली तरी लाकडी नाव, किंवा फोम भरलेली फायबरची नाव, बहुधा तरंगत राहते. तिला सोडून पोहायला निघणाऱ्यापेक्षा तिला धरून राहणारा अधिक वेळा वाचतो. जीवरक्षक जाकीट चढण्यापूर्वी घालायचे असते. बुडत्या नावेत त्याचे बंद बांधता येत नाहीत.

अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ हा १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला आणि यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी व सुरक्षासाधने यांची चौकट त्याने घालून दिली. गोव्यात बंदर कप्तान खात्यामुळे नौकांच्या नोंदणीची सवय जुनी आहे. नदीकाठच्या गावात वर्षातून एकदाच लागणाऱ्या नावेपर्यंत ही शिस्त पोहोचवण्यासाठी मात्र तपासनीसाची वाट पाहण्याची गरज नाही. मे महिन्याच्या अखेरीस नाव गावच्या तळ्यात उतरवावी. बूच लावून, तिच्यात वाळूची पोती ठेवून ती दोन तास तशीच ठेवावी आणि तळात किती पाणी आले ते मोजावे. दोन तासांत दोन बादल्या आल्या तर ती नाव पुरात चालेल. घोटाभर आले तर दुरुस्ती जूनपूर्वी व्हायला हवी. त्याच वेळी नावेच्या दोन्ही अंगांना, काठाच्या खाली ३० सेंटीमीटरवर, बोटभर रुंदीची पांढरी रेघ ओढावी. रेघ पाण्याला टेकली की पुढचा माणूस दुसऱ्या फेरीला. ब्रह्मनाळसारख्या प्रसंगी, रात्रभर पाणी चढत असताना, कोणाला मागे ठेवायचे हे नावाड्याने ठरवणे फार कठीण असते; रेघ ते आधीच ठरवून ठेवते.